फोटो काढल्यानंतर



"फोटोत आले ते खरे," असे आपण सहज बोलून जातो. बांधाचा वाद असो, लग्नाची बोलणी असोत, की पिकाच्या नुकसानीचा पंचनामा असो. कुणीतरी फोटो पुढे करतो आणि बोलणे तिथेच थांबते. माणसाच्या तोंडच्या साक्षीवर आपण दहा शंका काढू. पण फोटोवर शंका घ्यायला मन धजत नाही. याचे कारण उघड आहे. चित्र माणूस काढतो, फोटो मात्र यंत्र काढते, अशी आपली समजूत आहे. यंत्राला ना कुणाची भीड, ना कुणाचा राग.

ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आज मला बोलायचे आहे. कॅमेऱ्याची कळ दाबली म्हणजे फोटो पुरा होत नाही. तिथून त्याचे दुसरे काम सुरू होते, आणि ते काम यंत्र करीत नाही, माणूस करतो. कोणता फोटो ठेवायचा, कोणता टाकायचा, त्याच्या कडा कुठे छाटायच्या, कुठे उजेड द्यायचा, कुठे सावली दाट करायची, हे सगळे माणूस ठरवतो. आज हातोहाती मोबाइल आहे आणि हे काम शाळकरी पोरेही बोटाने करतात. म्हणूनच त्याची रीत आणि त्याची मर्यादा आपण समजून घेतली पाहिजे.

आता बघा, ज्वारीची कणसे खळ्यावर येऊन पडली म्हणजे भाकरी झाली का? नाही. मळणी करायची, उफणायचे, खडे निवडायचे, दळायचे, पीठ मळायचे, थापायचे, भाजायचे. इतके हात लागले तरी भाकरी त्याच ज्वारीची राहते. पण दळताना कुणी पिठात खडूची भुकटी मिसळली, तर मात्र ती भेसळ झाली. हात तिथेही लागले आणि इथेही लागले. पण एका ठिकाणी अन्न तयार झाले आणि दुसऱ्या ठिकाणी फसवणूक झाली. फोटोचेही अगदी तसेच आहे. हात लागला की फोटो खोटा, असे म्हणता येत नाही. हाताने काय केले, ते पाहावे लागते.

यातले पहिले काम निवडीचे. जुन्या फिल्मच्या एका रिळात छत्तीस चित्रे निघत. फिल्म धुऊन वाळली, की तिच्या पट्ट्या कापून एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी मांडीत आणि सगळी चित्रे आहेत त्याच लहान आकारात छापून घेत. याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. मग छायाचित्रकार भिंग डोळ्याला लावून एकेक चित्र पाही आणि पसंतीच्या चित्राभोवती रंगीत पेन्सिलीने चौकट करी. छत्तीसांतून एखादे, फार तर दोन. बाकीची चित्रे पाकिटात बंद. पुष्कळ वेळा चांगला छायाचित्रकार आणि सामान्य छायाचित्रकार यांच्यात फरक एवढाच असतो, की चांगला छायाचित्रकार आपली पस्तीस चित्रे कुणाला दाखवीत नाही.

परंतु निवड ही साधी गोष्ट नव्हे. समजा, आपल्या गावी ग्रामसभा भरली आहे. दोन तास चर्चा झाली. शंभर माणसे मन लावून ऐकत होती आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी मध्येच जांभई दिली. त्या जांभईचा फोटो कुणी निवडला आणि दुसऱ्या दिवशी गावभर पाठवला, तर लोक काय म्हणतील? "सभेत सगळे कंटाळले होते." इथे कुणी काही खोडले नाही, कुणी काही घातले नाही, फोटो शंभर टक्के खरा, पण त्याने सांगितलेली गोष्ट खोटी. म्हणून निवडताना मनाला विचारावे, की तिथे जे घडले त्याची ओळख या चित्राने होते का?

दुसरे काम कडा छाटण्याचे. फोटोची चौकट ही खिडकीसारखी असते. खिडकी लहान केली, की बाहेरचे काही दिसेनासे होते. क्यूबामध्ये १९६० साली हवाना येथे आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने चे गेव्हारा याचा एक फोटो घेतला. मूळ चित्रात एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या होत्या. दोन्ही बाजू छाटल्या आणि मधला एकटा चेहरा उरला. तोच पुढे जगभर भिंतींवर आणि कपड्यांवर छापला गेला. छाटणी झाली नसती, तर तो एका सभेचा साधा फोटो राहिला असता.

उलट फ्रान्सचा विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचा कटाक्ष असे, की चौकट कळ दाबतानाच ठरली पाहिजे, मागाहून छाटू नये. परंतु गंमत पाहा. पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे पॅरिसमधले १९३२ सालचे जे चित्र सर्वांत गाजले, ते मात्र छाटलेले आहे. तो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून फोटो घेत होता आणि भिंगाची एक बाजू फळीने अडवली होती. तेवढा भाग त्याला काढावाच लागला. नेम कितीही कडक असो, कामाच्या वेळी विवेकाला जागा ठेवावी लागते, एवढाच याचा अर्थ.

आता येतो तिसऱ्या कामाकडे, आणि खरी कारागिरी इथेच आहे. पूर्वी हे काम अंधाऱ्या खोलीत चाले. फिल्म धुतली, की तिच्यावर उलटे चित्र उमटते. जिथे उजेड होता तिथे काळे, आणि जिथे अंधार होता तिथे पारदर्शक. पांढरे धोतर काळे दिसते आणि काळी टोपी पांढरी दिसते. ही निगेटिव्ह एन्लार्जर नावाच्या यंत्रात ठेवायची. वर दिवा, मध्ये निगेटिव्ह, खाली भिंग आणि त्याच्याखाली छपाईचा कागद. दिवा काही सेकंद लावायचा आणि विझवायचा. कागद अजून कोराच दिसतो. तो औषधाच्या पाण्यात बुडवला, की तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, डोळ्यांदेखत, आधी काळे केस, मग भुवया, मग डोळे, असे चित्र हळूहळू वर येते. ज्याने एकदा हे पाहिले त्याला ते जन्मभर विसरता येत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागदावर जितका जास्त उजेड पडेल, तितका तो भाग काळा होतो. आता समजा, दारात उभ्या असलेल्या म्हातारीचा फोटो आहे. तिच्या मागचे अंगण उन्हाने पांढरेफटक झाले आहे आणि तिचा चेहरा सावलीत काळाकुट्ट आला आहे. कारागीर काय करी? एका तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची लहानशी चकती लावी आणि दिवा चालू असताना ती चकती चेहऱ्याच्या भागावर धरून हलवीत राही. चेहऱ्यावर उजेड कमी पडला, की चेहरा उजळ येई. चकती स्थिर धरली तर तिची कड चित्रात उमटेल, म्हणून ती हलती ठेवायची. याला ते डॉजिंग म्हणत. मग अंगणासाठी उलटे काम. मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडायचे आणि त्या भोकातून फक्त अंगणावर आणखी काही सेकंद उजेड सोडायचा. याला बर्निंग म्हणत. अंगणातली तुळस, सारवणाच्या रेघा, कोंबड्यांची पिले, जे पांढऱ्या उन्हात बुडाले होते ते सारे दिसू लागे.

हे सगळे निगेटिव्हमध्ये होतेच. आणि प्रत्यक्ष तिथे उभे राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यालाही ते दिसले होते. कारण आपला डोळा ऊन आणि सावली दोन्ही एका वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तेवढे साधत नाही. म्हणजे डोळ्याने जे पाहिले ते कागदावर परत आणण्यासाठीच हा हात लागला. हे झाले खडे निवडण्याचे काम.

या कलेतला मोठा गुरू म्हणजे अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स. १९४१ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ नावाच्या लहान गावाजवळून तो मोटारीने चालला होता. सूर्य मावळतीला आलेला, पूर्वेला चंद्र वर आलेला, आणि गावच्या स्मशानातले पांढरे क्रूस शेवटच्या उन्हात चमकत होते. त्याने गाडी थांबवली, घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला. पण उजेड मोजण्याचे यंत्र सापडेना. चंद्राचे तेज किती असते हे त्याला पाठ होते. त्यावरून त्याने मनातच हिशेब केला आणि कळ दाबली. दुसरे चित्र घेण्याची तयारी करीत होता, तोवर क्रूसांवरचे ऊन निघून गेले. एकच निगेटिव्ह हाती लागली.

ही निगेटिव्ह छापायला फार कठीण होती. आकाश दाट, खालचे गाव आणि क्रूस फिके. ॲडम्सने पुढे १९४८ मध्ये निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने पुन्हा सशक्त करून घेतला. या एका निगेटिव्हवरून त्याने पुढच्या काही दशकांत हजाराच्या वर प्रती छापल्या, आणि दर प्रतीला हातांची तीच कसरत करावी लागे. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात फिकट ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रतींत आकाश जवळजवळ काळे आहे आणि चंद्र एकटा तळपतो आहे. निगेटिव्ह तीच, पण माणूस बदलला, त्याचे मन बदलले, तशी छपाई बदलली. ॲडम्स तरुणपणी पियानो शिकला होता. तो म्हणे, की निगेटिव्ह ही संगीतकाराने लिहून ठेवलेल्या स्वरलिपीसारखी आहे आणि छापलेली प्रत म्हणजे प्रत्यक्ष वादन. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर बंदिश तीच. पण गवई ती आज एक तऱ्हेने मांडील आणि दहा वर्षांनी दुसऱ्या तऱ्हेने.

आता कुणी विचारील, त्या संध्याकाळी आकाश इतके काळे होते का? नव्हते. मग ॲडम्स खोटे बोलला का? मला तसे वाटत नाही. चंद्र होता तिथेच त्याने ठेवला, क्रूस होते तितकेच ठेवले. आणि आपण काय काय केले, हे त्याने पुस्तकांतून जगाला समजावून सांगितले. चोर आपली वाट दाखवीत नसतो.

हो, पण त्याच्याच दुसऱ्या एका चित्राची गोष्ट जरा अडचणीची आहे. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळ त्याने १९४४ मध्ये सिएरा नेवाडा पर्वतावरच्या हिवाळी सूर्योदयाचा फोटो घेतला. तिथे एका टेकडीवर शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची मोठाली आद्याक्षरे मांडली होती. ॲडम्सला ती खटकली आणि जमतील तितकी त्याने निगेटिव्हवरून काढून टाकली. हेही त्याने लपवले नाही. परंतु काही जणांनी त्याला नावे ठेवली. आपण शिक्षक आहात. आपल्या विद्यार्थ्यांनी उन्हातान्हात दगड वाहून काढलेली अक्षरे पर्वत सुंदर दिसावा म्हणून कुणी पुसली, तर आपल्याला काय वाटेल? इथे दोन्ही बाजूंनी बोलता येते. माझ्यापुरते म्हणायचे, तर पर्वताचे काव्य म्हणून ते चित्र चालेल. त्या गावाची नोंद म्हणून चालणार नाही.

फोटोला हात लावण्याची ही रीत आजकालची आहे, असे मात्र समजू नका. फोटोचा जन्म झाला आणि पाठोपाठ हीही जन्मली. १८५०च्या सुमाराच्या काचेच्या पट्ट्यांना निळा उजेड फार लागे. त्यामुळे समुद्र नीट आला, की आकाश नुसते पांढरे पडे. यावर गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ मध्ये उपाय काढला. एका काचेवर समुद्र, दुसऱ्या काचेवर ढग, आणि दोन्ही जोडून एकच चित्र छापायचे. लोक थक्क झाले.

आपल्या मुंबईतही हे घडले आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो घेतले आणि ते दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांतली माणसे एखाद्या इमारतीपुढे किंवा मोकळ्या जागी उभी दिसतात. वस्तुतः पुष्कळांचे फोटो स्टुडिओत घेतलेले होते आणि मागचा देखावा दुसऱ्या फोटोतला आणून जोडला होता. आज आपण त्या पुस्तकात पागोटे कसे बांधत, लुगडे कसे नेसत, हे पाहू शकतो. पण अमुक माणसे अमुक ठिकाणी उभी होती, असा पुरावा म्हणून ते चित्र घेता येणार नाही. जुना फोटो वर्गात दाखवताना हा विवेक ठेवावा.

आता आपल्या ओळखीच्या स्टुडिओत येऊ. तालुक्याच्या गावी फोटोवाल्याच्या दुकानात पूर्वी उतरते मेज असे. त्यात काच बसवलेली, खाली आरसा, आरशातून उजेड वर येई. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि अणकुचीदार पेन्सिलीने तिच्यावर बारीक बारीक ठिपके द्यायचे. सुरकुती निगेटिव्हवर फिकी दिसते. तिथे शिसे भरले, की छापलेल्या कागदावर ती सुरकुती नाहीशी होते. देवीचे वण जात, डोळ्यांखालची काळी वर्तुळे जात. याला टचिंग म्हणत. निगेटिव्हला असे टचिंग करून दाखवणाऱ्या जर्मन छायाचित्रकाराचे काम १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले होते, तेव्हा ते पाहायला झुंबड उडाली. माणसाला आपले रूप चांगले दिसावेसे वाटते, ही हौस देशोदेशी सारखीच.

रंगीत फिल्म येण्याआधी आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने रंग भरीत. लाल फेटा, हिरवे लुगडे, सोनेरी नथ. आजही एखाद्या जुन्या वाड्याच्या ओटीवर असा फोटो टांगलेला असतो. आणखी एक काम हे कारागीर करीत, ते मला फार मोलाचे वाटते. घरातले माणूस अकस्मात गेले आणि त्याचा वेगळा फोटो कधी काढलाच नव्हता, असे कितीतरी घरी होई. मग कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, मागच्या रांगेतला, नखाएवढा चेहरा शोधून काढायचा, तो मोठा करायचा, खांदे जोडायचे, कोट-टोपी चढवायची, आणि भिंतीवर लावण्याजोगी तसबीर करून द्यायची. तो कोट त्या माणसाने आयुष्यात कधी घातलेला नसे. पण त्या घरी कुणाची फसवणूक होत नसे. कोट खोटा आहे हे सर्वांना ठाऊक असे, आणि चेहरा खरा आहे एवढेच त्यांना हवे असे.

परंतु याच कलेची एक बाजू मला सलते. फोटोवाला न विचारताच चेहरा गोरा करून देतो. उन्हात राबलेल्या बाईचा रंग सावळा, तिच्या कपाळावर आठ्या, गालावर सुरकुत्या. फोटोत मात्र पिठाने माखल्यासारखा गुळगुळीत चेहरा! लग्नासाठी मुलीचा फोटो पाठवायचा, तर तिचा रंग आधी दोन पायऱ्या चढवायचा. यातून त्या मुलीला आपण काय सांगतो? तुझा आहे तो रंग दाखवण्याजोगा नाही, हेच ना? मोबाइलमध्ये तर आता ही सोय आपोआप होते. मुले स्वतःचा चेहरा रोज असा धुऊन पाहतात आणि मग आरशातला चेहरा त्यांना आवडेनासा होतो. हात लावताना एक नेम पाळावा. पुटकुळी आज आहे, उद्या नाही. ती काढली तर हरकत नाही. पण रंग, तीळ, सुरकुती, हे त्या माणसाचे आहे. त्याने मागितल्याशिवाय ते पुसण्याचा आपल्याला अधिकार नाही. नातवाने उद्या आजीचा फोटो पाहिला, तर त्याला आजी भेटली पाहिजे.

आता भेसळीकडे वळतो. सोव्हिएत रशियात स्टालिनबरोबर कालव्याच्या काठी चालणाऱ्या निकोलाय येझोव्ह या अधिकाऱ्याचा एक फोटो होता. येझोव्हवरची मर्जी उडाली आणि १९४० मध्ये त्याला ठार करण्यात आले. मग त्या फोटोतूनही तो नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगवले गेले. माणूस मारायचा, आणि तो होता याची खूणही मारायची.

इतके भयंकर नसले, तरी विचार करायला लावणारे आणखी दाखले आहेत. १९८२च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तच्या पिरॅमिडांचा फोटो आला. मूळ फोटो आडवा, पान उभे. म्हणून दोन पिरॅमिड यंत्राने जवळ सरकवले. कुणाचे नुकसान झाले नाही, पण वाचकांचा भरवसा हलला. १९९४ मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या खेळाडूवर खुनाचा आरोप आला, तेव्हा दोन साप्ताहिकांनी पोलिसांनी घेतलेला त्याचा एकच फोटो मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'ने होता तसा, आणि 'टाइम'ने चेहरा काळवंडून. दुकानात दोन्ही अंक शेजारी मांडलेले. लोकांनी विचारले, की काळ्या माणसाला आणखी काळे केले ते कशासाठी? खटला अजून सुरूही झाला नव्हता, आणि सावली वाढवून त्याला जणू गुन्हेगार ठरवले होते. इथे काही खोडले नाही, काही जोडले नाही. फक्त उजेड कमी केला. ज्या हाताने म्हातारीचा चेहरा सावलीतून वर आणला, त्याच हाताने हेही होते.

२००६ मध्ये लेबनॉनमधल्या लढाईच्या वेळी बैरूत शहरावरच्या धुराचा एक फोटो रॉयटर या वृत्तसंस्थेने प्रसृत केला. बारकाईने पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले, की धुराचे तेच ते लोट पुन्हा पुन्हा उमटवले आहेत. वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडला आणि त्याचे सगळे, म्हणजे ९२० फोटो, आपल्या संग्रहातून काढून टाकले. शहरात बॉम्ब पडले हे खरेच होते. पण त्यात मूठभर खोटा धूर मिसळल्यामुळे खऱ्या धुरावरही लोक शंका घेऊ लागले. भेसळीचे सर्वांत मोठे नुकसान हेच, की शुद्ध मालाचाही भाव जातो.

अगदी लहानशा बदलावरूनही वाद होतो. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात एका निराधार मजूर कुटुंबाचा फोटो डोरोथिया लँग या बाईंनी घेतला. आई विचारात बुडालेली, दोन मुले तिच्या खांद्याला बिलगून तोंड फिरवून उभी. हे चित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. लँगबाईंना तो डोळ्यांत खुपे, म्हणून १९३९ मध्ये त्यांनी तो पुसून घेतला. ज्या सरकारी खात्यासाठी त्या काम करीत, तिथल्या प्रमुखाला हे आवडले नाही. त्याचे म्हणणे, सरकारी नोंद म्हणून घेतलेल्या चित्रात एक अंगठाही पुसता कामा नये. आपण कुणाच्या बाजूचे? वर्गात हा प्रश्न अवश्य घाला. मुले तासभर भांडतील आणि पुष्कळ शिकतील.

आता काळ बदलला आहे. अंधारी खोली गेली आणि संगणक आला. १९९० मध्ये फोटोशॉप नावाची संगणकप्रणाली बाजारात आली. तीत उजेड अडवण्याच्या हत्याराचे चित्र काडीवरच्या चकतीचे आहे आणि सावली वाढवण्याच्या हत्याराचे चित्र मुठीचे आहे. तीच जुनी चकती आणि तोच जुना हात! आजचा मोबाइल तर एका कळीत अनेक चित्रे टिपतो आणि आपल्याला दिसण्याआधीच ती एकमेकांत मिसळून एक चित्र करतो. म्हणजे "मी हातच लावला नाही," असे आपण म्हटले, तरी यंत्र बनवणाऱ्याने हात लावलेलाच असतो. आणि आता कॅमेऱ्यासमोर काहीही नसताना, नुसते शब्दांत सांगून फोटोसारखे चित्र तयार करून घेता येते. म्हणून काही सोप्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ फोटो कधीही मोडू नये. प्रत काढावी आणि जे काही करायचे ते प्रतीवर करावे. बियाणे राखून ठेवून मगच धान्य दळावे, तसे. दुसरी, आधी निवड करावी. एका प्रसंगाचे चाळीस फोटो सगळ्यांना पाठवू नयेत. चांगले चार निवडावेत. तिसरी, फोटो वाकडा असेल तर सरळ करावा, आणि चारी कडा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. चौथी, उजेड आणि रंग बेताने वाढवावेत, आणि काम झाले की फोटो रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी ताज्या डोळ्याने पाहिले, की हिरवे शेत पोपटाएवढे हिरवे झाल्याचे आपोआप कळते. मीठ घालताना जी जपणूक, तीच इथे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, काही काढले किंवा घातले असेल तर तसे सांगावे. सांगायला लाज वाटत असेल, तर तो बदल करू नये.

शेतकरी बंधूंना एक खास सांगणे आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करतो. पिकाच्या नुकसानीचेही फोटो मागतात. असा फोटो म्हणजे साक्ष आहे. त्याला उजेडाचाही हात लावू नये, कडाही छाटू नयेत. बांध, झाड, विहीर, अशी जागेची खूण चौकटीत येऊ द्यावी. नुकसान थोडे जास्त दिसावे म्हणून केलेली एक लहानशी करामत पकडली गेली, तर खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास जाईल; आणि तोटा शेजारच्या गरीब शेतकऱ्यालाही सोसावा लागेल.

शिक्षक मित्रांसाठी एक बिनखर्ची प्रयोग. पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापा. वर्तमानपत्रातला एखादा मोठा फोटो घ्या. ते दोन काटकोन त्यावर चौकटीसारखे ठेवा आणि सरकवीत राहा. प्रत्येक वेळी मुलांना विचारा, आता या फोटोत काय चालले आहे? चौकट लहान केली की मोर्चातला घोळका एकटा माणूस होतो. मोठी केली की एकट्या माणसाभोवती गर्दी दिसू लागते. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने ही चौकट एकदा सरकवली, ते मूल मोबाइलवर आलेला कुठलाही फोटो पाहून लगेच भडकणार नाही. ते आधी विचारील, या चौकटीच्या बाहेर काय होते? हा फोटो कुणी काढला, केव्हा काढला, कुठे काढला? याच घटनेचा दुसऱ्या कुणी काढलेला फोटो आहे का? खोट्या फोटोपायी गावागावांत तंटे होतात, दुकाने पेटतात, माणसे जिवाला मुकतात. एवढे प्रश्न ज्या गावातल्या पोरांना विचारता येतात, त्या गावात आग लावणे सोपे नसते.

फोटो ही साक्ष आहे, पण तीही माणसाच्या हातून आलेली साक्ष आहे. चांगला हात तिला बोलती करतो, वाईट हात तिच्या तोंडी आपले शब्द घालतो. हात कुणाचा आहे आणि त्याने काय केले, हे पाहण्याची सवय आपण स्वतःला आणि आपल्या मुलांना लावू या.